बंदीतलं पाणी

"ओर्पा, नवस लहान बोलावा. घासाएवढा. मोठा घेतलास तर गिळवत नाही आणि थुंकवतही नाही."

आई हे सांगायची तेव्हा तिच्या हातात पांढरी ताटली असायची. प्रार्थनेच्या मेजावरची ती ताटली रोज सकाळी लिंबाच्या फोडीनं घासायची, कोरडी पुसून रुमालावर ठेवायची, आणि तिच्यात एक नाणं टाकून देवाला एक शब्द द्यायचा, अशी लेलाहुआ गावात घरोघरची रीत. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. मेज तेच राहिलं, ताटलीही तीच, घासणारा हात तेवढा ओर्पाचा झाला.

आईचं सांगणं तिनं मानलं. तिचे नवस खरोखरच घासाएवढे असत. रविवारपर्यंत चहात साखर नाही. वाळत घातलेल्या लवंगा भिजल्या तरी पावसाला नाव ठेवायचं नाही. शेजारच्या तांता बेचीबद्दल, म्हणजे बेचीमावशीबद्दल, दिवसभर मनातसुद्धा वाईट आणायचं नाही. हा त्यातल्या त्यात जड. रविवारी ताटलीतली नाणी देवळातल्या पेटीत पडली की आठवड्याचे शब्द पोचते झाले. ओर्पानं लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाची, मेल्कीची बायको पहिल्याच बाळंतपणात बाळासकट गेली, तेव्हापासून भावाचं घर तिनंच सांभाळलं. पन्नाशी उलटली, पण उसी ओर्पानं दिलेला शब्द कधी मोडला नाही, असं गाव म्हणे. उसी म्हणजे ताई. लहानथोर सगळे तिला तीच हाक मारत. ते कौतुक कानावर आलं की तिला बरं वाटे, आणि बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी ती ताटलीत एक नाणं जास्त ठेवी.

मोठा घास तिनं एकदाच घेतला, तो नदीसाठी.

पूर्वेचे वारे पाऊस घेऊन सेराम बेटाच्या या किनाऱ्यावर आले की अमावास्येच्या भरतीबरोबर वामीची पिल्लं समुद्रातून नदीत शिरतात. बोटाएवढी लांब, सुतासारखी बारीक, काचेसारखी आरपार. पाण्यात दोन काळे ठिपके हलताना दिसले तर ते डोळे. बाकी अंग दिसतच नाही. म्हातारी वाम पुराच्या पाण्यातून समुद्राला जाते ती परत येत नाही. तिची पिल्लं मात्र कधी न पाहिलेल्या नदीचा वास धरून येतात. देवाच्या शब्दावर, कुठं जायचं ते न विचारता घर सोडणाऱ्या माणसांबद्दल पाळकबाई सांगू लागल्या की ओर्पाला ही पिल्लं आठवत.

गावाच्या वरच्या अंगाला, वडाच्या मुळांखाली, डोह आहे. त्यातल्या मोठ्या वामी गावाच्या. त्यांना कुणी खात नाही. मूल जन्मलं की त्याला डोहावर न्यायचं, त्याच्या मुठीला अंडं टेकवायचं आणि पाण्यात सोडायचं. मुळांतून वाम येते, अंडं गिळते, मग मूल गावचं होतं. मेल्की तसाच गावचा झाला होता, ओर्पाही.

पण अलीकडे नदीच्या मुखाशी मच्छरदाणीच्या कापडाच्या चौकटी लागू लागल्या होत्या. मासोही शहराहून टाक्या लादलेली गाडी येई आणि पिल्लं वाटीच्या मापानं जात. कुठं जात ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. मेल्की नदीचा राखणदार. बाप राखणदार, आजा राखणदार. तो मुखाशी उभा राहून ओरडे. त्यांचा चुलतभाऊ टिनुस कमरेइतक्या पाण्यातून म्हणे, "बू, ओरडू नको रे, पिल्लं बिचकतात." मोठ्या भावाला बू म्हणतात, म्हणजे थट्टाही आदरानं झाली. सगळे हसत. मागून कुणीतरी हळूच म्हणे, राखणदाराच्या घरी वाटा पोचत असेल, म्हणून तर नुसतं ओरडणं आहे.

हे ऐकून ओर्पाला झोप येईना. ईस्टरनंतरच्या रविवारी तिनं ताटली रुमालात गुंडाळून देवळात नेली आणि नदीवर देवळाची बंदी मागितली.

बंदी मागणं ही लहान गोष्ट नव्हे. नारळीवर, लवंगेच्या झाडांवर लोक मागतात. पिकलं की प्रार्थना करून उघडतात. बंदी असेपर्यंत तिथं हात घातला तर पाहणारा राखणदार नसतो, देव असतो. पाळकबाईंनी ठरलेले शब्द वाचले: मुखापासून डोहापर्यंत, नाताळ होईपर्यंत, या पाण्यातला जीव जो हात उचलील तो हात प्रभूनं पाहावा. मंडळींनी आमेन म्हटलं. एवढ्यावर व्हायला हवं होतं. पण मागच्या बाकावर टिनुस खाकरला की काय, ओर्पाला वाटलं तो हसला. ती उभीच होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "मग तो हात माझ्या घरातला असला तरी."

 मग पाळकबाईंनी पुन्हा आमेन म्हटलं.

मुखाशी खांब रोवले गेले, त्यांना माडाच्या कोवळ्या झावळ्या बांधल्या. चौकटी निघाल्या. गाडी येईनाशी झाली. टिनुसनं जाळं माळ्यावर टाकलं आणि वाटेत भेटला की म्हणायचा, "उसी, तुझ्या कृपेनं उंदरांना मच्छरदाणी मिळाली."

पावसाचा जोर वाढला तसा मेल्की आजारी पडला. आधी पाय सुजले, मग डोळे पिवळे झाले, मग पोट चढलं. मासोहीच्या इस्पितळात ओर्पानं त्याला नेलं, तिथं तपासलं, औषधं दिली, आणि यकृत आतून गेलंय, फार दिवस जात होतं, आता घरी न्या, असं डॉक्टर खाली बघत म्हणाले. तिनं घरी आणलं. मागच्या पडवीतल्या बाकावर गादी घातली, कारण तिथून नदीचा आवाज येतो.

तांता बेची उकडलेला कसावा घेऊन आली आणि मोढ्यावर बसली.

"ताप असता तर म्हटलं असतं ताप," ती म्हणाली. "पण पोट आहे ना, ओर्पा. पोट."

"डॉक्टर यकृत म्हणाले."

"यकृत दारुड्यांचं जातं गं. माझ्या नवऱ्याचं गेलं ते मला समजतं. त्यानं त्यासाठी जन्मभर मेहनत घेतली होती. मेल्कीनं ताडीला कधी ओठ तरी लावलाय?"

"मग तुला काय म्हणायचंय?"

"मी काय म्हणणार? मी कसावा द्यायला आले."

ती काय म्हणत होती ते ओर्पाला चांगलं कळलं होतं. बंदीतलं खाल्लं की पोट चढतं. गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. तांता बेची गेल्यावर ती पडवीत आली. 

"ऐकलंस?"

"ऐकलं," मेल्की म्हणाला. "पोट सुजलंय, कान नाही."

"या रविवारी मी देवळात उभी राहते, बू. सांगते, ज्यानं कुणी बंदीत हात घातलाय त्यानं पुढं यावं. आमच्या घरावर आळ नको."

मेल्की छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नको उभी राहू."

"का?"

"कारण पुढं मलाच यावं लागेल."

ती बाकाच्या कडेला बसली. 

"खाल्लीस?"

"छे."

"विकलीस?"

"अगं, विकली असती तर हे छप्पर असं गळलं असतं का?"

"मग काय केलंस?"

"वर नेली."

मग त्यानं सांगितलं, थांबत थांबत, मधे दम खात. नळाचं पाणी यावं म्हणून गावाच्या खालच्या वळणावर बंधारा झाला होता. उद्घाटनाला ओर्पानंच केळी तळली होती. मुखातून सुटून वर आलेली पिल्लं त्या भिंतीपाशी अडत. ओल्या खडकावर ती चढतात. भिंतीवरही चढत, पण भिंतीचा माथा पुढं आलेला आणि कोरडा. तिथवर येत नि खाली पडत. पुन्हा चढत, पुन्हा पडत. खाली बगळे उभेच. मेल्कीनं काळ्या ताडाच्या काथ्याचा दोर करून भिंतीवरून सोडला होता. पहिला पुरानं नेला. दुसरा नळसमितीनं कापला, जाळीत अडकतो म्हणून. मग त्यानं बादली घेतली. आळूच्या पानानं पिल्लं गोळा करायची आणि वर डोहाच्या काठाला सोडायची. प्रत्येक अमावास्येला. बंदीच्या आधीही, बंदी झाल्यावरही.

"राखणदार नदीवर गेला तर कुणी विचारत नाही," तो म्हणाला. "सोपं होतं."

"बंदी वाचली तेव्हा तू होतास, बू. तू माझ्याशेजारी बसला होतास त्या दिवशी."

"होतो की. तू ते शेवटचं बोललीस तेव्हा वाटलं, हिच्या तोंडावर हात ठेवावा. पण देवळात बरं दिसलं नसतं."

त्याला हसू आलं, मग खोकला आला, आणि तिनं त्याचं डोकं धरलं. त्या डोक्याला नदीच्या शेवाळाचा वास होता की तिला तसं वाटलं कोण जाणे. तिच्या मनात एकच होतं. तिनं मागितलं होतं आणि देवानं दिलं होतं. तिच्या शब्दांतला एकही शब्द त्यानं वाया घालवला नव्हता.

"तू कबूल कर," ती म्हणाली. "पाळकबाई देवळाच्या वडीलमंडळींना घेऊन घरी येतील. तू म्हण, केलं. क्षमा माग. लोकांचे आजार उतरलेत कबूल केल्यावर. तो बंदीतला कोको तोडणारा योसिया नाही का, महिनाभर उठत नव्हता, कबूल केलं नि दुसऱ्या दिवशी पापेडा खाल्ला पोटभर."

"केलं म्हणेन. क्षमाही मागेन. पण पुढचं?"

पुढचं म्हणजे, पुन्हा करणार नाही. ते म्हटल्याशिवाय कबुली पुरी होत नाही. 

"मी बरा झालो तर येत्या अमावास्येला पुन्हा जाणार," मेल्की म्हणाला. "देवासमोर खोटं बोलू? तू बोलू देशील? तू तर साखरेचा शब्दही मोडत नाहीस."

"आणि बरा नाही झालास तर?"

"तर प्रश्नच नाही."

तिला त्याचा राग आला. आयुष्यभर हा असाच, शांतपणे हट्टी. ती उठली, चूल पेटवली, राख काढली, पुन्हा पेटवली.

दुसऱ्या दिवशी ती पाळकबाईंकडे गेली. पाळकबाई नान्सी तरुण होत्या, अंबोन शहरातून आलेल्या, गावात त्यांना अजून दोन पावसाळे झाले नव्हते. त्या मासे तळत होत्या. ओर्पानं नाव घेतलं नाही. एखाद्यानं पिल्लं खायला नव्हे, विकायला नव्हे, नुसती भिंतीच्या वर सोडायला उचलली तर, एवढंच विचारलं.

पाळकबाईंनी कढई खाली उतरवली. त्यांना कळलं होतं.

"उसी, तुम्हीच सांगा, बंदीत काय म्हटलंय?"

"उचलील तो हात."

"कशासाठी उचलील ते म्हटलंय?"

"नाही."

"मी त्या एका हातापुरती बंदी उघडली तर ती सगळ्यांना उघडते. उद्या टिनुस बादली घेऊन उभा राहील, म्हणेल मीही वर नेतोय. मी कुणाकुणाची बादली बघत बसू? चौकटी परत लागतील. मग वर न्यायलाही काही उरणार नाही."

ते खरं होतं. म्हणूनच तर बंदी मागितली होती.

"आणि बोललेला शब्द मागं घेता येतो का?"

"कुणाचा शब्द?"

"माझा. तो शेवटचा."

पाळकबाईंनी हात झग्याला पुसले, लहान मुलीसारखे. "तुम्ही तुमच्यासाठी क्षमा मागा, मी तुमच्याबरोबर मागते. पण त्यांच्यासाठी त्यांनीच मागायला हवी. स्वतःच्या तोंडानं. ही रीत मी केलेली नाही, उसी. मी करणारी असते तर..." त्या थांबल्या. "रविवारी उपासनेनंतर मी येते घरी. वडीलमंडळींना घेऊन. त्यांना तयार करा."

वाटेत टिनुस लवंगांच्या चटया गुंडाळत होता. त्याची बायको दिवसांत होती, केव्हाही मोकळी होईल अशी. "उसी," तो म्हणाला, "पाळकबाईंकडे फेरी? बंदी उठवताय का काय?" त्याच्या बोलण्यात खोच होती, पण मेल्कीची चौकशीही होती, बोलून झाल्यावर त्यानं तिच्या हातात दोन अंडी दिली. "बूला दे. त्याला म्हणावं, ओरडायला ये लवकर. नदी फार शांत वाटते."

आठवडा असा गेला. मेल्की दिवसेंदिवस बाकात आणखी रुतत चालला. ओर्पा त्याला भरवायची, पुसायची, आणि रोज विचारायची. तो रोज तेच सांगायचा. मग गुरुवारी त्यानंच उलटं मागितलं.

"तू शब्द दे मला."

"कसला?"

"अमावास्येला तू जाशील."

तिनं चमचा भांड्यात ठेवला. "मी? मी बंदी मागितली, बू."

"माहीत आहे."

"माझा हात तुझ्याच घरातला आहे."

"तेही माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस मागितलं नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता. "डोहात एकच उरलीय, ओर्पा. म्हातारी. या पुरात तीही जाईल, तिचे दिवस भरलेत. मग तिथं नुसतं पाणी."

"तू वर सोडलेली आहेत ना?"

"आहेत. पण किती? आपल्या लहानपणी नदी पांढरी व्हायची, आठवतं? आता बादलीच्या तळाला हलतात तेवढी. त्यातली जगतील किती, मोठी होतील किती. ती अंड्याला तोंड लावण्याएवढी व्हायच्या आत तू नि मी दोघंही मातीत असू. मी काही वाचवतोय असं नाही गं. मला नुसतं ती पडताना बघवत नाही."

त्या दिवशी ती हो म्हणाली नाही. शुक्रवारी सकाळी ताटली घासताना मात्र तिला सुचलं, आणि सुचलं म्हणून तिला आनंद झाला. त्या सगळ्या दिवसांतला तेवढाच आनंद. ती ओल्या हातानं पडवीत आली.

"मी जाईन," ती म्हणाली. "तुझं काम मी घेतलं. आता तुला करायचं नाहीये. आता तू 'पुन्हा करणार नाही' म्हटलंस तर ते खरंच होईल."

मेल्की बघतच राहिला. मग त्याच्या पिवळ्या डोळ्यांत हळूहळू उजेड आला. "अगं," तो म्हणाला, "तू वकील व्हायला हवी होतीस."

"म्हणशील ना?"

"म्हणेन. रविवारी म्हणेन. पण मग तुझं काय?"

"माझं मी बघेन. तू शब्द दे."

"आधी तू."

तिनं दिला. त्यानं दिला. मग तो दिवसभर तिला शिकवत राहिला, जणू उद्या बाजाराला पाठवायचं आहे. हाताला साबण लावून जायचं नाही. बादलीत नळाचं पाणी नको, भिंतीच्या खालचंच घे. आळूचं पान आडवं धर, वरून झडप घालू नको. हात पाण्यात नुसता ठेवलास तर ती आपणहून बोटांवर चढतात, घाई करायची नाही. डोहाच्या खोल बाजूला सोडू नको, मुळांच्या उथळ पाण्यात सोड. उजेड असताना पोच, म्हणजे दगड दिसतात. कुणाला सांगू नको. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं. सांगितलंस की टिनुसला बादली सुचेल.

शनिवारी दुपारी त्याची वाचा गेली.

आधी त्यानं पाणी मागितलं ते तिला नीट कळलं नाही. मग तोंडून नुसता घरघर आवाज. ती आरोग्य केंद्रातल्या नर्सला घेऊन आली. नर्सनं नाडी बघितली, ओर्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारी उपासनेनंतर पाळकबाई आल्या, बरोबर काळ्या कपड्यांतले वडीलमंडळी. सगळे पडवीत उभे राहिले. तांता बेची कुंपणापाशी. पाळकबाई गुडघ्यांवर बसल्या, मेल्कीचा हात हातात घेतला आणि कानाशी म्हणाल्या, "बू मेल्की, तुम्हाला काही सांगायचंय ना? सांगता येत नसेल तर हात दाबा. नुसता दाबा."

सगळे त्या हाताकडे बघत होते. ओर्पानं इतकी प्रार्थना आयुष्यात केली नव्हती. त्या प्रार्थनेत ताटली नव्हती, नाणं नव्हतं, नुसतं दाब, दाब, दाब. मेल्कीचे डोळे उघडे होते. ते पाळकबाईंवर नव्हते, तिच्यावरही नव्हते. हात तसाच राहिला.

"तुला काही ठाऊक आहे का, ओर्पा?" वडीलमंडळींतल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी विचारलं. "काय सांगायचं होतं त्याला?"

तिनं तोंड उघडलं. सांगून टाकलं असतं तर कदाचित सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी देवाजवळ मागितलं असतं. पण बंधाऱ्याची वाट, बादली, वेळ, सगळंच सांगावं लागलं असतं. आणि त्यानं दोनदा सांगितलं होतं. तिनं तोंड मिटलं आणि मान खाली घातली. पाळकबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. पण ती प्रार्थना आजाऱ्यासाठी करायची होती, कबुली दिलेल्यासाठी करायची नव्हती. दोन्हींचे शब्द वेगळे असतात. ओर्पाला दोन्ही पाठ होते.

सोमवारी पहाटे तो गेला.

पुरायला गाव आलं. राखणदार होता, यायलाच हवं. पण जेवणाच्या वेळी बायका हळू बोलत होत्या आणि ती जवळ आली की भाताचं बोलत. तांता बेचीनं तिला मिठी मारली, खरी मिठी, रडली, आणि रडतारडता कानात म्हणाली, "मागे काही राहिलं असेल तर सांगून टाक गं. त्याला तिथं जड नको व्हायला." ओर्पा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. त्याला तिथं जड होत असेल का, हाच विचार तेव्हापासून तिच्याबरोबर उठत होता, बसत होता. तो क्षमा मागायला तयार होता हे देवाला ठाऊक नसेल का? असेल. पण तिच्या त्या शेवटच्या वाक्याला देवानं जसं शब्दाला शब्द धरलं, तसं इथंही धरलं तर?

सकाळी ती ताटली घासायची, पुसायची, रुमालावर ठेवायची, आणि नाणं हातात घेऊन उभी राहायची. कुठला शब्द द्यावा ते कळेना. देवाला दिलेला एक शब्द होता, भावाला दिलेला एक होता, आणि त्यातला एक दुसऱ्याला खाणार होता. नाणं पुन्हा डब्यात जाई.

त्या आठवड्यात मोठा पूर आला. म्हातारी वाम बंधाऱ्यावरून खाली जाताना नळसमितीच्या माणसानं पाहिली, मांडीएवढी जाड, पाण्याबरोबर गेली म्हणाला. पूर ओसरला आणि टिनुसला मुलगी झाली. तिला डोहावर नेलं. ओर्पाही गेली, न जाणं बरं दिसलं नसतं. टिनुसनं मुलीची मूठ अंड्याला टेकवली आणि अंडं सोडलं. ते डुलत डुलत खाली गेलं, तळाच्या वाळूवर बसलं. गढूळ पाण्यातूनही त्याचा पांढरा ठिपका दिसत होता. सगळे थांबले. कुणी जिभेनं हाक घातली, कुणी पाण्यावर चापट मारली. बाळ रडायला लागलं. बाळाची आई म्हणाली, "थोडं थांबू या, पाऊस झालाय ना," आणि सगळे आणखी थांबले. अंडं तिथंच होतं. शेवटी टिनुस म्हणाला, "चला, भिजेल ती." परतताना त्यानं कुणाचीही थट्टा केली नाही.

अमावास्येच्या दिवशी दुपारीच ढग उतरले. ओर्पानं घर झाडलं, चूल विझवली. ती मेजासमोर गेली, पण गुडघ्यांवर बसली नाही. बसली असती तर क्षमा मागावी लागली असती, आणि क्षमेनंतर म्हणायचं असतं ते तिलाही म्हणता आलं नसतं. आता तिला भावाचं नीट समजलं. ती उभ्यानंच एवढं म्हणाली, "तू बघतो आहेस ते मला ठाऊक आहे." 

तिनं हात साध्या पाण्यानं धुतले, सारोंग गुडघ्यावर खोचलं, परसातलं आळूचं एक पान मोडलं. बादली दाराच्या मागे होती. उजेड अजून होता. वाटेवर टिनुस ओट्यावर बसून मुलीला मांडीवर थोपटत होता.

"कुठं, उसी? भरती लागलीय."

"बूचं एक काम राहिलंय."

त्यानं बादलीकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मग मांडीवरचं बाळ सरळ केलं आणि म्हणाला, "दगड निसरडे झालेत. डाव्या काठानं जा."

ती डाव्या काठानं निघाली.